तीसला एक कमी

पनवेलहून निघालं, पळस्पे फाटा मागे टाकला आणि जुन्या मुंबई-पुणे रस्त्याला लागलं, की थोड्याच वेळात कोन येतं. मराठी शाळेतून गेलेल्या माणसाला हे नाव ऐकून कंपासपेटी आठवल्याशिवाय राहत नाही. कोनमापक, कर्कटक आणि कायम हरवलेलं खोडरबर. पण आज आपल्याला भूमितीत शिरायचं नाही. आज बाजारात जायचंय, आणि तोही शाळेच्या पटांगणात भरणाऱ्या.

जिल्हा परिषदेच्या शाळांत वर्षातल्या एखाद्या दिवशी बालबाजार भरतो. कुठे त्याला बाल आनंद मेळावा म्हणतात, कुठे सरळ आठवडी बाजार. पोरं घरून मेथी, मुळा, लिंबं, काकड्या, वालाच्या शेंगा, आईने केलेल्या वड्या असं काय काय घेऊन येतात, गोणपाट अंथरतात आणि दुकान मांडतात. गिऱ्हाइकं म्हणजे आईबाप, आजोबा, शेजारच्या वर्गातली मुलं आणि अत्यंत गंभीर चेहऱ्याने भाव पाडून मागणाऱ्या बाई. (घासाघीस करायची संधी मिळाली की शिक्षक मंडळी फार रंगतात.)

कोनसारख्या गावातल्या शाळेत असा बाजार भरला, तर चौथीतल्या एखाद्या मुलीच्या गोणपाटासमोर पाच मिनिटं नुसतं उभं राहावं. समजा, गिऱ्हाइकाने वीसचा काकड्यांचा वाटा घेतला, पंधराची मेथीची जुडी घेतली आणि दहाची लिंबं घेतली. पंचेचाळीस झाले. तिच्या हातावर शंभराची नोट ठेवली. आता तिच्याकडे नीट बघा. ती आभाळाकडे बघत नाही, बोटं मोजत नाही. ती 'पंचेचाळीस' म्हणते आणि गिऱ्हाइकाच्या तळहातावर पाचाचं नाणं ठेवते. 'पन्नास' म्हणते आणि पन्नासची नोट ठेवते. 'शंभर' म्हणते. झालं.

काय झालं, लक्षात आलं का? तिने पंचावन्न रुपये परत केले, आणि पंचावन्न हा आकडा तिच्या तोंडून निघालाच नाही! तिला विचारलंत, "किती परत दिलेस गं?" तर ती क्षणभर गोंधळेलसुद्धा. उत्तर तिने सांगितलं नाही, ते तिच्या हातून आपोआप मोजलं गेलं. वजाबाकी झाली, पण वजा काही केलंच नाही. पंचेचाळीसवरून ती पायरी-पायरीने वर चढत गेली, आणि चढताना जे हातातून सुटत गेलं तेच उत्तर.

हीच मुलगी दुसऱ्या दिवशी वहीत शंभर वजा पंचेचाळीस मांडते तेव्हा काय होतं? शून्यातून पाच जात नाहीत. मग शेजाऱ्याकडे उसने मागायला जावं, तर शेजारीही शून्य! त्याच्याकडे काय असणार? मग त्याने त्याच्या शेजाऱ्याकडे जायचं, तिथून एक आणायचा, त्याचे दहा करायचे, त्यातला एक पुढे द्यायचा, स्वतःकडे नऊ ठेवायचे... एका वजाबाकीसाठी अख्खी आळी उसनवारीला लागते. काल पटांगणात दोन सेकंदांत झालेलं काम आज अर्धं पान खातं, आणि तरी कधी कधी चुकतं.

मग ही दोन गणितं एकच आहेत का?

साधा वाटणारा हा प्रश्न फार मोठ्या माणसांनी फार मनावर घेतला. अर्थशास्त्राचं नोबेल २०१९ साली मिळालेले अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो, आणि त्यांच्या सोबत बालमन जाणणाऱ्या एलिझाबेथ स्पेलकी वगैरे संशोधक कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत उतरले. तिथे भाजी, फळं विकणारी मुलं त्यांनी गाठली. एकूण १,४३६. त्यांच्याकडे गिऱ्हाईक म्हणून जायचं आणि मुद्दाम वाकडी खरेदी करायची. आठशे ग्रॅम बटाटे, वीस रुपये किलोचे. एक किलो चारशे ग्रॅम कांदे, पंधरा रुपये किलोचे. आणि हातात दोनशेची नोट.

थांबा, तुम्हीच करून बघा. मोबाइल काढू नका.

बटाट्यांचे सोळा, कांद्यांचे एकवीस, मिळून सदतीस, परत एकशे त्रेसष्ट. बाजारातल्या बहुतेक सगळ्या मुलांना हे जमलं, बहुधा तोंडीच. मग त्याच मुलांसमोर कागद-पेन्सिल ठेवली आणि शाळेत घालतात तशी कोरी उदाहरणं दिली. तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागा, दोन अंकी संख्येतून दोन अंकी वजा करा. गाडी अडली. भागाकार तर जेमतेम एक तृतीयांश मुलांना जमला.

यात नवल वाटण्यासारखं अजून पुढेच आहे. संशोधकांनी उलटी बाजूही तपासली. शाळेत जाणारी, बाजारात काम न करणारी मुलं घेतली. कागदावरची उदाहरणं त्यांना बरी जमली. पण त्यांच्यासमोर काल्पनिक दुकान मांडलं, आणि ती अडखळली. काही जण तर मोठ्या गुणाकारासाठी कागदावर रेघोट्या ओढून एकेक मोजू लागले. म्हणजे एकाच देशात, एकाच वयाची दोन मुलं शेजारी-शेजारी उभी आहेत. एकाला बाजार येतो, वही येत नाही. दुसऱ्याला वही येते, बाजार येत नाही. मधली भिंत दोघांनाही ओलांडता येत नाही. हा निबंध फेब्रुवारी २०२५मध्ये 'नेचर'मध्ये छापून आला.

खरं तर याची चाहूल चाळीस वर्षांपूर्वीच लागली होती, ब्राझीलच्या रेसिफी शहरात. तिथल्या फुटपाथवर नारळ, टरबुजं विकणाऱ्या पाच पोरांचा अभ्यास १९८५ साली प्रसिद्ध झाला. बाजारात विचारलेल्या प्रश्नांची ९८.२ टक्के उत्तरं बरोबर. तीच गणितं नुसत्या आकड्यांत कागदावर घातली, तर ३६.८ टक्के. त्यातला बारा वर्षांचा एक मुलगा आहे. त्याला विचारलं, पस्तीसला एक नारळ, तर दहा नारळांचे किती? तुम्ही-आम्ही पस्तीसवर शून्य चढवून मोकळे होऊ. तो म्हणाला, तिघांचे एकशे पाच. आणखी तीन घेतले तर दोनशे दहा. आता चार राहिले... तीनशे पंधरा... तीनशे पन्नास असावेत.

त्याला शून्य चढवण्याची युक्ती ठाऊक नव्हती का? असेलही. पण ती युक्ती त्याच्या दृष्टीने जादू होती, आणि जादूवर धंदा करता येत नाही. तिघांचे एकशे पाच हे मात्र त्याने रोज अनुभवलेलं, कारण गिऱ्हाइकं तीन-तीन नारळ घेत. हातात धरलेल्या एका पक्क्या आकड्यावरून दुसऱ्या आकड्यावर उडी. आपली चौथीतली मुलगी पंचेचाळीसवरून पन्नासवर आणि पन्नासवरून शंभरावर जाते, तशीच.

ही उडी मारायची सवय, माझ्या मते, मराठी मुलाला जन्मतः मिळायला हवी. कारण ती आपल्या भाषेतच शिवून ठेवलेली आहे. फक्त आपण ती उसवून बघत नाही.

एकोणतीस हा शब्द घ्या. लहानपणी आपण तो घोकला, पुढे हजारदा वापरला, पण आत डोकावून कधी बघितलं का? एक, ऊन, तीस. ऊन म्हणजे कमी. आपला उणे, उणीव, उणंदुणं हे सगळं त्याचंच गोत. तीसला एक कमी. म्हणजे हा शब्द आकड्याचं नाव नाहीच, ते गणित करण्याची सूचना आहे! एकोणतीस रुपयांच्या सहा वस्तू घेतल्या तर? शब्दच कानात सांगतो: तीस समज, सहा त्रिक अठरा म्हणजे एकशे ऐंशी, आणि सहा वेळा एक कमी. एकशे चौऱ्याहत्तर. कागद कशाला लागतो?

एकोणीस, एकोणतीस, एकोणचाळीस, तिथपासून थेट एकोणनव्वदपर्यंत मराठी अशी आठ वेळा पुढच्या गोल आकड्यावर उभी राहून मागे वळून बघते. आणि शंभराजवळ आली की? एकोणशंभर कुणी म्हणत नाही. तिथे नव्याण्णव. सगळं आयुष्य उधारीच्या भाषेत बोललेला माणूस शेवटच्या पायरीवर एकदम रोकडा होतो. हिंदीवाले तर आपल्याही आधी पलटतात. एकोणनव्वदला ते नवासी म्हणतात, ऐंशी आणि नऊ. आपल्याकडे तो मान फक्त नव्याण्णवला. प्राचीन रोमन लोकही एकोणीसला 'वीसातून एक' असंच म्हणत, आणि अठराला 'वीसातून दोन'. म्हणजे त्यांनी आपल्यापेक्षा एक पायरी जास्तच उधारी केली.

पण भाषेने एका हाताने दिलं ते दुसऱ्या हाताने काढूनही घेतलं आहे.

याच कोनचा एक आकडा बघा. म्हाडाने २०१६ साली गिरणी कामगारांसाठी इथल्या घरांची सोडत काढली. घरं होती २,४१७. हा आकडा मोठ्याने वाचा. दोन हजार... चारशे... आतापर्यंत डोळा डावीकडून उजवीकडे शहाण्यासारखा चालला आहे. आणि आता? सतरा. सतरात आधी सात आहे आणि मग दहा. डोळ्याने शेवटच्या आकड्यावर उडी मारली आणि उलट पावली परत आला. आपण सरावलेले, म्हणून कळत नाही. दुसरीतल्या पोराला मात्र ही कसरत रोज करावी लागते. त्याच्या कानावर पंचवीस येतं, म्हणजे आधी पाच आणि मग वीस, आणि त्याला लिहायचं असतं आधी दोन, मग पाच. ते बिचारं ऐकलं त्या क्रमाने बावन्न लिहितं आणि लाल शेरा खातं. चूक कुणाची?

शिवाय प्रत्येक दशकात रूप वेगळं. बावीस, बत्तीस, बेचाळीस, बावन्न, बासष्ट, बहात्तर, ब्याऐंशी, ब्याण्णव. एकाच 'दोन'चे किती वेश! चिनी मुलाला दहापर्यंतचे शब्द आले की नव्याण्णवपर्यंतचा प्रत्येक आकडा बोलता येतो. पंचवीसला ते 'दोन दहा पाच' म्हणतं. मराठी मुलाला शंभरपर्यंतचं जवळजवळ प्रत्येक नाव वेगळं तोंडपाठ करावं लागतं. हे पाठांतर त्याच्या गणिताच्या वेळातून कापलं जातं.

याच कारणाने २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक', 'वीस दोन' अशी वाचायची रीत आली. गणित समितीच्या प्रमुख होत्या डॉ. मंगला नारळीकर. पुढे काय झालं ते आठवत असेल. वर्तमानपत्रं, विधानसभा, नाक्यावरचे चहावाले, सगळे एकदम भाषेचे रखवालदार झाले. विनोद तर इतके झाले की त्यांचंच पुस्तक निघालं असतं. पण ज्याने वर्गात पोरांना आकडे घातले आहेत, त्याने फारसं हसू नये. नॉर्वेने हेच १९५१ साली केलं. तिथेही 'दोन आणि वीस' म्हणत. टेलिफोनवर नंबर सांगताना गोंधळ व्हायचा, म्हणून सरकारने ठरवलं की यापुढे शाळेत 'वीस दोन' शिकवायचं. जर्मन लोक अजून 'पाच आणि वीस'च म्हणतात, आणि तिथेही हे बदला म्हणून खटपट करणारी माणसं आहेत. माझं मत विचाराल तर बावीस मरू नये आणि वीस-दोनला हसू नये. सायकल शिकताना बाजूला लावतात ना छोटी चाकं, तसं ते. चालवता आली की काढून टाकायची.

आता अपूर्णांकाकडे या. इथे तर आपल्या भाषेने कमाल केली आहे.

पावणेदोन. बाजारात मेथीच्या शेजारचा भाजीवाला 'पावकिलो कितीला?' याच मापाने जगतो, आणि घड्याळात मूल रोज पावणेआठ बघतं. या पावणेच्या पोटात काय आहे? पाद आणि ऊन. ऊन आपल्या ओळखीचा, एकोणतीसमधला. पाद म्हणजे पाय. चार पायांच्या जनावराचा एक पाय म्हणजे चौथा हिस्सा, म्हणून पाव. पावणेदोन म्हणजे एक पाय उणा असलेला दोन! सव्वा म्हणजे पावासह, साडे म्हणजे अर्ध्यासह. वर्गात फळ्यावर एक पूर्णांक तीन छेद चार लिहिलं की ज्या पोराच्या कपाळावर आठ्या पडतात, तेच पोर सुट्टीच्या दिवशी 'पावणेदोनला गाडी आहे' असं सहज बोलून जातं. अपूर्णांक त्याला येतो. फक्त त्याला कुणी सांगितलेलं नसतं की हा तोच आहे.

लहान मुलं कधी कधी फार शहाणा प्रश्न विचारतात: साडेतीन, साडेचार असतात, मग साडेएक का नाही? साडेदोन का नाही? याचं उत्तर शोधायला गेलं की पायाखाली एक जुना जिना सापडतो. दीड हा शब्द आला 'द्वि' आणि 'अर्ध' यांतून, म्हणजे दुसरा अर्धाच आहे. अडीच आला अर्ध-तृतीयातून. दोन पुरे, तिसरा अर्धा. आणि त्याच्या पुढची पायरी? अर्ध-चतुर्थ, तीन पुरे आणि चौथा अर्धा. त्याचा झाला औट. औट म्हणजे साडेतीन. औट हात देह म्हणतात तोच. नंतर साडेतीन आले आणि औट व्यवहारातून गेला, पण दीड आणि अडीच आपल्या जागी घट्ट बसून राहिले.

याचं सख्खं भावंड कुठे सापडावं? डेन्मार्कमध्ये! तिथे पन्नासला म्हणतात 'हाल्व्ह्त्रेस'. फोड केली तर 'अर्धा-तिसरा वेळा वीस'. अडीच गुणिले वीस, पन्नास. आपला अडीच आणि त्यांचा अडीच एकाच तऱ्हेने विचार करतो. कोपनहेगनचं पोर आणि कोनचं पोर, दोघंही 'तिसरा अर्धा' या कल्पनेवर उभी आहेत, आणि दोघांनाही ते ठाऊक नाही.

आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीला ठाऊक होतं. कारण त्यांनी पाढ्यांच्या पुढे आणखी एक रांग पाठ केली होती: पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी. हे अपूर्णांकांचे पाढे. पावकीत सात पाव पावणेदोन. पाऊणकीत पाच पाऊण पावणेचार. दिडकीत सात दीड साडेदहा. औटकीत सात औट साडेचोवीस. सतरा रुपये किलोची वस्तू दीड किलो घेतली की आजोबांच्या तोंडून साडेपंचवीस असं बाहेर पडायचं, जणू ते आधीच तिथे ठेवलेलं होतं. आपण याला घोकंपट्टी म्हणून नाक मुरडतो. मला वाटतं, नाक मुरडायच्या आधी त्यांच्यासोबत एकदा भाजी आणायला जायला हवं होतं.

त्यांना हे पाढे का लागायचे, याचं उत्तर कोठीत होतं. जुनी धान्याची मापं बघा. प्रांताप्रांताने फरक होता, पण शाळेच्या कोष्टकात साधारण असं असायचं: दोन निळवी म्हणजे एक कोळवं, दोन कोळवी म्हणजे एक चिपटं, दोन चिपटी म्हणजे एक मापटं, दोन मापटी म्हणजे एक शेर, दोन शेर म्हणजे एक अडिशरी, दोन अडिशऱ्या म्हणजे एक पायली. मोजा. सहा वेळा दुप्पट. एका पायलीत चौसष्ट निळवी! संगणक दोनाच्या पटीत मोजतो म्हणून आपण भारावतो. आपल्या आजीचा कणगीजवळचा कारभार दोनाच्याच पटीत चालायचा. का? कारण निम्मं करायला काही लागत नाही. दहा सारखे भाग करायचे तर मोजपट्टी हवी, डोकं हवं. दोन सारखे भाग करायला दोन हात पुरतात, आणि समोर वाटेकरी बसलेला असला की ते भाग चोख होतात.

रुपयाचंही तेच. एका रुपयाचे सोळा आणे, एका आण्याचे चार पैसे. म्हणजे रुपयाचे पुन्हा चौसष्टच. निम्मं करत जा: आठ आणे, चार आणे, दोन आणे, एक आणा. कुठेही तुटत नाही. मग १ एप्रिल १९५७ला रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. आता निम्मं करत गेलात तर पन्नास, पंचवीस आणि तिथेच गाडी थांबते. साडेबारा पैशांचं नाणं कोण काढणार? एका आण्याचे तर सव्वासहा पैसे! दहाच्या हिशेबाने कागदावरचं गणित फार सोपं झालं. हातांनी करायचं गणित मात्र थोडं परकं झालं. तरी शब्द कसे चिवट बघा. आणा गेल्यावरही पंचवीस पैशांना आपण चार आणे म्हणत राहिलो, २०११ साली ते नाणं चलनातून जाईपर्यंत.

म्हणून शाळेत रोजच्या व्यवहाराचं गणित घोटून घ्या असं म्हणतात तेव्हा ते किरकोळ काम नसतं. त्यात किती खाचाखोचा असतात, याचं एक उदाहरण देतो. मुंबईच्या वस्त्यांत सुरू झालेल्या 'प्रथम' संस्थेच्या पुढाकाराने 'असर' ही पाहणी होते. तिच्या २०२३च्या फेरीत चौदा ते अठरा वयाच्या मुलांना मोजपट्टीवर ठेवलेल्या वस्तूची लांबी विचारली. वस्तूचं टोक शून्यावर होतं तेव्हा जवळजवळ ८५ टक्के मुलांनी बरोबर सांगितली. मग तीच वस्तू जरा पुढे सरकवली. टोक आता शून्यावर नाही. बरोबर उत्तरं किती? ३९ टक्के!

वस्तू तीच, पट्टी तीच. फक्त सुरुवात सरकली. ज्यांची उत्तरं चुकली त्यांना मोजता येत नव्हतं असं नाही. 'इथून तिथपर्यंत किती' हा प्रश्न त्यांना कुणी शून्याशिवाय विचारला नव्हता. आणि आपली गोणपाटावरची मुलगी काय करते? ती पंचेचाळीसपासून शंभरपर्यंतचं अंतर मोजते, शून्याला हातही न लावता. सरकलेली पट्टी तिने पैशात वाचली आहे.

मग तिची ती पटांगणातली हुशारी वहीत कशी न्यायची? नेदरलँड्समधल्या शिक्षकांनी यासाठी एक सुंदर गोष्ट काढली. हान्स फ्रॉयडेन्थाल या गणितज्ञाच्या विचारांतून ती परंपरा वाढली. वहीत एक आडवी रेघ ओढायची, रिकामी, तिच्यावर एकही आकडा नाही. मग पंचेचाळीस लिहायचा, तिथून एक उडी काढायची, वर पाच लिहायचे, खाली पन्नास. आणखी एक उडी, वर पन्नास, खाली शंभर. वरच्या उड्यांची बेरीज पंचावन्न. बस! बाजारात जे हाताने केलं त्याचंच हे चित्र. कागदावर आल्यावरही ते तिच्या ओळखीचं राहतं. उसनवारीची वजाबाकी नंतर शिकवा, जरूर शिकवा, पण ती या रेघेच्या पोटातून बाहेर येऊ द्या.

त्यासाठी बालबाजाराच्या दुसऱ्या दिवसाचा तास फार मोलाचा. बहुतेक शाळांत त्या दिवशी फोटो पाहणं आणि पटांगण झाडणं एवढंच होतं. त्याऐवजी गल्ला समोर ठेवावा. समजा, वीस जुड्या मेथी तीनशे रुपयांना घरी पडली. सोळा जुड्या वीसच्या भावाने गेल्या. उन्हं चढली, चार जुड्या मान टाकू लागल्या, त्या दहाला देऊन टाकल्या. हातात किती आले? तीनशे साठ. नफा साठ. आता विचारा, सगळ्याच पंधराच्या भावाने विकल्या असत्या तर? अठराच्या? चार जुड्या फुकट गेल्या असत्या तर? नफा-तोट्याचं पूर्ण प्रकरण या वीस जुड्यांत मावतं, आणि पोर झोपत नाही, कारण ती मेथी त्याने स्वतः धुऊन आणलेली असते.

या सगळ्याला अलीकडे एक विघ्न आलं आहे. बालबाजारातही आता गोणपाटावर क्यूआर कोडचा पुठ्ठा दिसू लागलाय. आईचा मोबाइल शेजारी, 'पंचेचाळीस रुपये मिळाले' असा बायकी आवाज येतो आणि व्यवहार संपतो. सोय आहे, मान्य. पण सुट्टे परत करायचे उरत नाहीत, आणि सगळी गंमत तर तिथेच होती.

म्हणून एक विनंती. यंदा तुमच्या गावच्या शाळेत बाजार भरला, कोनला असो की आणखी कुठे, तर खिशात दोनशेची नोट घेऊन जा. सदतीस रुपयांची भाजी घ्या. सुट्टे असले तरी देऊ नका.